मोडत नाही ती बंदूक

लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सासरचा पहिला ओरडा खाल्ला, आणि तो बंदुकीवरून खाल्ला. टेबलावरची एअरगन मधे मधे येत होती म्हणून उचलून नवऱ्याच्या हातात दिली, तर जयूआत्या अशा ओरडल्या की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला. आमच्या घरात बंदूक मोडून देतात. म्हणजे नळी बिजागरीवर थोडी खाली झुकवायची आणि मागचं तोंड उघडं करायचं. छर्रा बसतो तो तिथेच, आणि एकच बसतो. तोंडातून आरपार उजेड दिसला की बंदूक रिकामी. देणाऱ्याला दिसतं, घेणाऱ्याला दिसतं, दारात उभ्या असलेल्या शिंप्यालाही दिसतं.

जयूआत्या माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या. लग्न केलं नाही. इथे माळव्यात, आमच्या शहरातल्या फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत आमचा एअरगनचा छोटा कारखाना आहे, तो त्यांच्या वडिलांनी, भय्यासाहेबांनी, काढला आणि त्यांच्यामागे आत्यांनी चालवला. त्याआधीच्या पिढ्या शिंदे सरकारच्या सिलेखान्यात हत्यारं राखायला होत्या, त्यामुळे आमच्याकडे दिवाळी एकवेळ साधी होईल, दसरा नाही. भय्यासाहेबांनी एक स्प्रिंग, एक नळी आणि एक छर्रा अशी जी बंदूक बसवली, तीच आत्या आजवर बनवत आल्या. या कारखान्याच्या बंदुकीने कोणाला ओरखडासुद्धा उठलेला नाही, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही ऐकवलेलं मी पाहिलंय.

पण गिऱ्हाइकाला ओरखडा नको असतो असं कोणी सांगितलं? गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकवून म्हणतं, "दीदी, इसमें दम नहीं है." कोणाला शेतातली माकडं हाकलायची असतात, कोणाला रोही, म्हणजे नीलगाई, आणि बहुतेकांना मोबाइलवर कोणीतरी फळी फोडताना पाहिलेलं असतं. एक छर्रा मारा, नळी मोडा, दुसरा भरा, तोवर माकड पपई खाऊन आभार मानून जातं, असं एक जण म्हणाला होता. आत्या त्याला म्हणाल्या, "तो फिर निशाना सीखिए." तो पुन्हा आला नाही. असे न येणारे वाढत चालले होते.

यशोधन, माझा नवरा, इंजिनियर आहे आणि कारखान्यात आत्यांच्या हाताखाली वाढलाय. त्याने दोन वर्षं खपून नवी बंदूक केली. हिच्यात स्प्रिंग नाही. नळीखाली हवेचं सिलिंडर, ते पंपाने भरून ठेवायचं. वर गोल मॅगझीन, त्यात दहा छर्रे. बाजूचा लिव्हर मागे ओढून पुढे ढकलला की एक छर्रा नळीत जातो, पुन्हा ओढला की दुसरा. चाप लोण्यासारखा हलका. परवान्याशिवाय विकता येते तेवढ्याच जोराची ती असायला हवी होती, पण देवास गेटला एअरगनचं दुकान असलेल्या पोरवाल सेठना दाखवायची म्हणून यशोधनने हवेचा जोर थोडा जास्तच सोडला होता. "दाखवण्यापुरतंच," तो मला म्हणाला. सेफ्टीचा खटका अजून बसायचा होता. तो बसवू दिवाळीपर्यंत, असं चाललं होतं.

माझा नवरा खोटारडा नाही, पण त्याला "मला माहीत नाही" हे शब्द उच्चारता येत नाहीत. घरातून निघाल्यावर "गॅस बंद केलास ना?" विचारलं की छातीठोकपणे "हो" म्हणतो. मग टावर चौक येईपर्यंत हळूच मान चोळायला लागतो. मान चोळली की मी काही न बोलता स्कूटर वळवते.

दसऱ्याला पोरवाल येणार, पूजेनंतर नवी बंदूक कोहळ्यावर चाललेली बघणार, आणि पसंत पडली तर सगळ्या माळव्यात तीच विकणार, असं ठरलं होतं. मग कारखान्यात जुनी बंदूक बनायची थांबणार, हे कोणी बोललं नव्हतं, पण आत्यांना कळत होतं. त्या आठवडाभर माझ्याशी फक्त "हं" आणि "ऊंहूं" एवढंच बोलत होत्या. यशोधनशी तेवढंही नाही. मला बंदुकीचं काही पडलेलं नव्हतं, खरं सांगते. मी बँकेत नोकरी करते आणि छऱ्यापेक्षा मला सुट्टी प्यारी. मला काळजी एकाच गोष्टीची होती. पूजेत प्रत्येक बंदुकीच्या चापाला कुंकू लावतं ते घरातलं सगळ्यात लहान माणूस, आणि ते माणूस म्हणजे माझी सात वर्षांची ऋता.

ऋताला या कामाचा भलता अभिमान. गेल्या वर्षी कुंकू पुसट लागलं म्हणून आत्यांनी तिला टोकलं होतं. तेव्हापासून ती बोट ठासून दाबते. सकाळी फ्रिजवर, कुलपावर, माझ्या कपाळावर सराव करून झाला होता.

दुपारी विजयमुहूर्ताच्या आधी आम्ही कारखान्यात जमलो. फरशी धुतलेली, झेंडूच्या माळा लावलेल्या, भिंतीशी लांब चौरंग. त्यावर जुन्या बंदुका ओळीने, नळ्या भिंतीकडे आणि सगळ्या अर्ध्या मोडलेल्या. पुरती मोडली तर स्प्रिंग चढते, म्हणून तोंड उघडेल इतकीच मोडायची. खिडकीतला उजेड त्या उघड्या तोंडांत पडला होता. मागच्या अंगणात वाळूच्या पोत्यांपुढे कोहळा ठेवला होता.

नवी बंदूक मात्र चौरंगावर नव्हती. पोरवालना नीट दिसावी म्हणून यशोधनने ती मधल्या टेबलावर, तिच्याच दोन पायांवर उभी केली होती. नळीचं तोंड कोपऱ्याकडे, जिथे रिकामे खोके पडले होते. पोरवालनी पेढ्यांचा डबा ठेवला आणि मोबाइल स्टँडवर लावून व्हिडिओ सुरू केला.

आत्या आल्या, चौरंगाला नमस्कार केला आणि टेबलापाशी थांबल्या.

"ही मोडून ठेव."

"आत्या, ही मोडत नाही. तुला माहीत आहे."

"मग रिकामी आहे हे कसं कळायचं?"

यशोधनने कुडत्याच्या खिशातून मॅगझीन काढून त्यांच्यासमोर धरलं. "हे बघ. मॅगझीन बाहेर आहे. खाली आहे बंदूक, रिकामी."

"ते मॅगझीन झालं. नळी?"

"नळीपण खाली आहे. काल टेस्ट झाल्यावर मीच काढलंय ना ते."

"दाखव."

तिथेच सगळं अडलं. कारण छर्रा एकदा नळीत ढकलला गेला की या बंदुकीत तो बाहेरून दिसत नाही. तोंड कुठे उघडतच नाही तर उजेड कुठून दिसणार? एकच उपाय होता, आणि तो आत्यांनीच सांगितला. "वाळूत एकदा चालव. विषय संपला."

"आज? पूजेच्या आधी?" यशोधन हसला, आणि ते हसू मला अजिबात आवडलं नाही. "हा रूल कोणाचा आहे, आत्या?"

रूल भय्यासाहेबांचा आणि त्यांच्याहून जास्त आत्यांचा. दसऱ्याला पूजा झाल्याशिवाय चाप ओढायचा नाही. वर्षाचा पहिला छर्रा कोहळ्याला. यशोधन दहा वर्षांचा असताना त्याने पूजेआधी गंमत म्हणून एक छर्रा उडवला, तर आत्यांनी त्याला दिवसभर आपट्याचं एक पानसुद्धा कोणाला देऊ दिलं नव्हतं. ते त्याने जपून ठेवलं होतं आणि आज वापरलं.

आत्यांचा चेहरा लाल झाला. पोरवाल घड्याळ बघत म्हणाले, "क्या हुआ दीदी? मुहूर्त निकल जाएगा."

"कुछ नहीं सेठ," यशोधन म्हणाला. "आत्या को नई चीज़ पे भरोसा नहीं होता." आणि मग आत्यांकडे न बघता मराठीत, "बाहेरच्या माणसापुढे तरी नको करूस हे."

आत्या वळल्या. कोपऱ्यातले खोके पायाने बाजूला सारले, आपलं बसायचं स्टूल ओढत नेलं आणि तिथे ठेवून बसल्या. बरोबर टेबलासमोर. नळीचं तोंड त्यांच्या छातीच्या उंचीला आलं. त्यांनी पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवले.

"हे काय नाटक आहे, आत्या?"

"रिकामी आहे ना? मग मी कुठेही बसेन."

"बस. खुशाल बस." यशोधनचा आवाज चढला होता. "सेठ, पूजा शुरू करते हैं."

मला वाटलं, दोघांना धरून एकमेकांवर आपटावं. ही साठीच्या पुढची बाई, रुसलेल्या पोरीसारखी नळीसमोर जाऊन बसते काय, आणि हा माझा नवरा, जो फ्रिजचं दार लागलं का हे दोनदा बघतो, तो "खुशाल बस" म्हणतो काय! आणि दोघांच्या मधे हातात ताम्हन घेऊन माझी मुलगी उभी. तिच्या बोटाला कुंकू लागलेलं होतं. एकीची जिद्द आणि दुसऱ्याची इभ्रत, दोन्ही आता त्या एवढ्याशा बोटावर येऊन टेकल्या होत्या, आणि दोघांपैकी एकाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं.

"त्या बंदुकीला ऋता नको," मी म्हटलं. "मी लावते कुंकू."

"घरातलं सगळ्यात लहान माणूस लावतं," आत्या कोपऱ्यातून म्हणाल्या. "रीत आहे."

"लावू दे गं तिला," यशोधन म्हणाला. "काही होत नाही."

आठवडाभरात ते दोघं पहिल्यांदा एका गोष्टीवर एक झाले होते. आणि मी गप्प बसले. बाहेरचा माणूस समोर, व्हिडिओ चालू, घरातली मोठी बाई बोललेली. माझंही तेच झालं जे सगळ्यांचं होतं.

यशोधनने मंत्र म्हणायला सुरुवात केली. ऋता चौरंगाच्या डाव्या टोकापासून निघाली. पहिली बंदूक. तिने वाकून बोट चापावर ठेवलं, ओठ घट्ट मिटले आणि दाबलं. चाप किंचित हलला. काही झालं नाही, होणार नव्हतंच. तिने मागे सरून बघितलं, ठिपका गोल आणि ठसठशीत उमटला होता. ती आत्यांकडे बघून हसली. आत्यांनी मान डोलावली.

दुसरी बंदूक. तिसरी. प्रत्येक वेळी तेच. वाकायचं, ओठ मिटायचे, दाबायचं, मागे सरायचं. मला पहिल्यांदाच दिसलं की ती किती जोर लावते. बोटाचं टोक पांढरं पडत होतं. मी मनात म्हणत होते, हळू गं, हळू लाव. चौथी. पाचवी. पोरवालनी स्टँडवरचा मोबाइल उचलला आणि व्हिडिओत नीट यावं म्हणून टेबलाजवळ आले.

चौरंग संपला. ऋताने बोट पुन्हा कुंकवात बुडवलं आणि टेबलाकडे वळली.

टेबल तिला उंच पडत होतं. ती टाचा उंच करून उभी राहिली, एका हाताने ताम्हन सांभाळत दुसरा हात पुढे केला. समोर, दोन हातांवर, आत्या ताठ बसल्या होत्या. त्यांची नजर बंदुकीवर नव्हती. ती यशोधनवर होती. डोळ्यांत सरळ विचारत होत्या, आता सांग.

मीही यशोधनकडे बघितलं. तो मंत्र म्हणत होता. आवाज स्वच्छ होता, शब्द चुकत नव्हते. आणि त्याचा हात वर गेला आणि मान चोळायला लागला.

मी कशी उडी मारली ते मला सांगता येणार नाही. ऋताचं मनगट माझ्या मुठीत होतं, ताम्हन फरशीवर घणघणत होतं, कुंकू माझ्या पायांवर, पोरवालांच्या पांढऱ्या बुटांवर, सगळीकडे. ऋता किंचाळली. बोट आणि चाप यांच्यात किती अंतर उरलं होतं हे मी बघितलं, आणि ते मला पुन्हा बघायचं नाही.

"देवश्री!" यशोधन म्हणाला. "काय करतेस?"

"चालव."

"पूजा अर्धी आहे, आधी—"

"खड्ड्यात गेली पूजा. चालव ती. आत्ता."

माझा आवाज ऐकून तो टेबलाकडे वळला. बंदूक उचलली, नळी आधी छताकडे केली, अंगणात गेला. मॅगझीन त्याच्या खिशातच होतं, खिसा त्याने वरून चाचपून पाहिला. मग खांद्याला लावून कोहळ्यावर धरली आणि चाप ओढला.

जुनी बंदूक चालते तेव्हा स्प्रिंगचा खडखडाट होतो. ही नुसती "थप्" अशी वाजली. कोहळ्यावरची पांढरी भुकटी उडाली आणि मधे एक काळं भोक दिसलं. लहान, गोल. आपल्या बोटाने कुंकू लावलं तर केवढं लागेल, तेवढंच. मग त्यातून पाणी गळायला लागलं. मागच्या पोत्यातूनही वाळूची बारीक धार सुटली होती.

"वाह!" पोरवाल ओरडले. "आर-पार! दीदी, देखा आपने? पब्लिक को यही चाहिए!" आणि त्यांनी मोबाइल कोहळ्याजवळ नेला.

यशोधनने खिशातून मॅगझीन काढलं. त्याकडे बघत उभा राहिला. मला तेव्हा समजलं काय झालं होतं ते. काल शेवटची टेस्ट झाल्यावर सवयीने लिव्हर मागेपुढे केला गेला, एक छर्रा नळीत सरकला, आणि मग त्याने मॅगझीन काढून घेतलं. काढलं म्हणजे झाली रिकामी. आमच्या घरात छर्रा एकाच जागी असतो. पाळण्यात असल्यापासून त्याने एकच जागा बघितली होती, ती उघडी की सगळं ठीक. त्याने दहा छऱ्यांची बंदूक केली, पण तो स्वतः एका छऱ्याच्या बंदुकीचा माणूस होता. दोन जागा बघायच्या असतात हे या घरात कोणाच्या हाताला माहीतच नव्हतं.

मी आत आले. आत्या अजून स्टुलावरच होत्या. त्यांनी एक हात छातीवर धरला होता. मला बघून त्यांनी तोंड उघडलं. मला माहीत होतं त्या काय म्हणणार. मी म्हणत होते ना, एवढंच.

"नका बोलू, आत्या," मी म्हटलं. "तुमचं खरं होतं. आणि ते खरं करायला तुम्ही माझ्या पोरीचं बोट पुढे केलंत. तुम्ही मेला असता, आणि मारलं असतं हिने. सात वर्षांच्या हिने. हे तुमच्या लक्षात तरी आलं का?"

आत्यांनी छातीवरचा हात खाली घेतला. मी त्यांच्याशी इतकी वर्षं कधी असं बोलले नव्हते, आणि थांबवत नव्हतं मला.

"आणि तू," मी दारात आलेल्या यशोधनला म्हटलं. "तुला फक्त 'माहीत नाही' म्हणायचं होतं. दोन शब्द होते."

तो उंबऱ्यावर उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मागून पोरवाल आले, खुशीत, बुटावरचं कुंकू झटकत. "तो भैया, दिवाली तक कितनी दे दोगे?"

यशोधनने मॅगझीन खिशात टाकलं. मग म्हणाला, "सेठ, अभी नहीं."

"क्यों? चली तो मस्त."

"इसमें बाहर से पता नहीं चलता कि भरी है कि खाली."

"अरे, ग्राहक ये कभी पूछता है क्या?"

"नहीं पूछता," यशोधन म्हणाला. "इसीलिए."

पोरवालनी मोबाइल खिशात टाकला. त्यांनी सगळ्यांचे चेहरे बघितले, कुणी काही सांगेल म्हणून वाट बघितली, आणि पेढ्यांचा डबा तिथेच ठेवून निघून गेले. ते पुन्हा येतील की नाही हे मला माहीत नाही. दुसरीकडे कुठे त्यांना तशी बंदूक मिळेलही, कोणी खटका न बसवता देईलही.

यशोधनने ती बंदूक टेबलावर ठेवून खोलून टाकली. सिलिंडर वेगळं, नळी वेगळी, चाप वेगळा. आत्या उठून त्याच्याजवळ गेल्या. त्याने नळी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती खिडकीकडे करून आरपार बघितलं आणि परत दिली.

संध्याकाळी रावण बघायला कोणी गेलं नाही. घरीच सोनं वाटलं. ऋता आपट्याची पानं घेऊन आली. मी तिचे हात दोनदा साबणाने धुतले होते, पण उजव्या हाताची मूठ ती उघडायला तयार नव्हती. धुतानाही मला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली होती. तिने डाव्या हाताने मला सोनं दिलं, डाव्या हाताने बाबाला दिलं. उजवी मूठ फ्रॉकच्या घडीत खुपसलेली.

मग ती आत्यांसमोर जाऊन उभी राहिली. डाव्या हाताने दिलेलं काही आत्या घेत नाहीत. प्रसादाची वाटी त्यांनी पाहुण्यांच्या हातातूनसुद्धा परत केलेली आहे. ऋतालाही ते माहीत होतं. तिचा डावा हात अर्ध्यात थांबला.

आत्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. मग त्या फ्रॉकमधल्या मुठीकडे बघितलं, बराच वेळ. आणि आपला उजवा हात मागे घेऊन त्यांनी डावा हात पुढे केला.